पुठ्ठा, लाकूड आणि दोरा : शिडाच्या जहाजाच्या प्रतिकृतीची बांधणी व तिचे शैक्षणिक मूल्य

सारांश

शिडाच्या जहाजाची प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करणे हा बहुधा छंदाचा विषय मानला जातो. प्रस्तुत लेखात या बांधणीची प्रक्रिया क्रमाने स्पष्ट केली आहे. आराखड्याचे वाचन, पुठ्ठ्याचा सांगाडा, लाकडी फळ्यांचे आवरण आणि डोलकाठ्यांवरील दोरांची रचना हे तिचे टप्पे होत. उदाहरणासाठी मुंबईच्या गोदीत बांधलेले व १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज घेतले आहे. लेखनात अज्ञाताविषयी मौन पाळता येते, परंतु प्रतिकृतीत रिकामी जागा सोडता येत नाही. म्हणून प्रत्येक प्रतिकृतीसोबत तिच्या पुराव्याची नोंद असणे आवश्यक आहे, असे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. मराठ्यांच्या गुराब व गलबत या जहाजांच्या संदर्भात या प्रतिपादनाचे महत्त्व शेवटी तपासले आहे.

बीजशब्द : प्रतिकृती, शिडाचे जहाज, प्रमाण, डोलकाठी, दोररचना, ट्रिंकोमाली, गुराब, गलबत

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील मुलांना प्रतिकृतीची ओळख दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्याने होते. विटा, गोणपाट आणि चिखल यांतून उभ्या राहिलेल्या त्या किल्ल्याला बुरूज असतात, तळे असते आणि क्वचित खंदकात सोडलेली कागदी होडीही असते. किल्ला करणाऱ्या मुलाला प्रमाणाची फिकीर नसते. त्याचा मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. मात्र हेच मूल मोठे होऊन खऱ्या किल्ल्याचा नकाशा समोर ठेवून बुरूज मोजू लागले, की खेळाचे रूपांतर अभ्यासात होते. जहाजाच्या प्रतिकृतीबाबतही असेच घडते.

शिडाचे जहाज हे यंत्रयुगापूर्वी माणसाने निर्माण केलेल्या सर्वांत गुंतागुंतीच्या वस्तूंपैकी एक होय. त्याचा बाह्य आकार कोठेही सपाट नाही. त्याच्या दोरांचे जाळे प्रथमदर्शनी गोंधळाचे वाटते, परंतु त्यातील प्रत्येक दोराला नेमून दिलेले काम असते. हे काम पुस्तकातील आकृती पाहून समजल्यासारखे वाटते. हातात दोरा घेऊन तो बांधावयास बसल्यावर मात्र आपल्याला किती समजले नव्हते, याचा उलगडा होतो. प्रतिकृतीकडे अभ्यासाचे साधन म्हणून पाहण्याचे पहिले कारण हेच आहे.

२. परंपरेचा धावता आढावा

जहाजांच्या प्रतिकृतींची परंपरा फार जुनी आहे. इजिप्तमधील मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली रंगवलेल्या लाकडी नौकांचा मोठा संच सापडला. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या या नौका मृताच्या परलोकातील प्रवासासाठी ठेवलेल्या होत्या. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून नौदलाच्या जहाजांच्या अत्यंत काटेकोर प्रतिकृती तयार होऊ लागल्या. त्यांतील अनेकींच्या खालच्या भागावर फळ्या मुद्दाम बसवलेल्या नसत, त्यामुळे आतील बरगड्यांची रचना दिसे. नेपोलियनच्या काळातील युद्धांत इंग्लंडमध्ये बंदी असलेल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातून उरलेल्या हाडांपासून जहाजे घडवून विकली. त्यांच्या नॉर्मन क्रॉस येथील छावणीत तयार झालेल्या वस्तू पीटरबरोच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात.

पुठ्ठ्याच्या प्रतिकृतींचा प्रसार मुख्यतः विसाव्या शतकातला. पोलंडमध्ये १९५७ साली सुरू झालेल्या ‘माऊई मोडेलाश’ या नियतकालिकाने छापील भाग कापून जोडण्याची ही कला घरोघरी नेली. महाग लाकूड आणि हत्यारे परवडत नसलेल्या समाजात कागद, कात्री आणि डिंक एवढ्यावर ही विद्या वाढली. आपल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

३. अभ्यासासाठी निवडलेले जहाज

बांधणीचे विवेचन अमूर्त राहू नये म्हणून येथे एक विशिष्ट जहाज घेतले आहे. वाडिया घराण्यातील जमशेटजी बोमनजी यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत ब्रिटिश नौदलासाठी ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी फ्रिगेट बांधण्यात आले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरले. हे ‘लेडा’ वर्गातील जहाज होते आणि या वर्गाची मूळ रेखाटने १७८२ साली इंग्रजांच्या हाती लागलेल्या ‘हेबे’ या फ्रेंच जहाजावर आधारलेली होती.

या जहाजाच्या आराखड्याची हकीकत बोलकी आहे. आराखडे घेऊन मुंबईकडे निघालेले ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जहाजाने जिंकले आणि नंतर ते नष्ट करण्यात आले. आराखडेही त्याबरोबर गेले. ते पुन्हा पाठवावे लागले आणि प्रत्यक्ष बांधणी १८१६ मध्ये सुरू झाली. लंडनमध्ये आखलेल्या रेषा मुंबईत येऊन पोहोचेपर्यंत या जहाजाला अस्तित्व नव्हते. कागदावरची रेषा आणि सुताराचा हात यांचे परस्परावलंबन याहून स्पष्टपणे सांगणारे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. १८९७ मध्ये मोडीत निघालेले हे जहाज विकत घेऊन ‘फुद्रॉयां’ या नावाने प्रशिक्षणासाठी वापरण्यात आले. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला आणले गेले आणि पुढे दीर्घ दुरुस्तीनंतर त्याला जुने नाव व रूप परत मिळाले. म्हणजे येथे आराखडाही आहे आणि जहाजही आहे. अभ्यासकाला यापेक्षा अनुकूल परिस्थिती क्वचितच लाभते.

तरीही पहिलाच प्रश्न अवघड आहे : कोणत्या वर्षीचे ‘ट्रिंकोमाली’? १८१७ साली ते फ्रिगेट होते. १८४५ नंतरच्या फेरबांधणीत त्याच्या पिछाडीचा आकार बदलला, तोफांची संख्या २६ वर आणली गेली आणि त्याची गणना कॉर्व्हेट या वर्गात होऊ लागली. आज दिसणाऱ्या जहाजाची छायाचित्रे पाहून १८१७ ची प्रतिकृती करणारा मनुष्य दोन वेगळी जहाजे नकळत एकत्र करतो. वर्ष निश्चित न करता सुरुवात केलेली प्रतिकृती कितीही सुबक झाली, तरी ती कोणत्याच काळची राहत नाही.

४. प्रमाण व आराखड्याचे वाचन

प्रतिकृतीसाठी १:९६ हे प्रमाण सोयीचे आहे. त्यात प्रत्यक्षातील एक फूट म्हणजे एक अष्टमांश इंच, अर्थात सुमारे ३.२ मिलिमीटर. ‘ट्रिंकोमाली’च्या तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट आणि रुंदी सुमारे ४० फूट आहे. म्हणून प्रतिकृतीचा मुख्य भाग साधारण ४७.६ सेंटिमीटर लांब व १२.७ सेंटिमीटर रुंद होईल. साडेपाच फुटी खलाशी या प्रमाणात १७.५ मिलिमीटरचा असेल. हा खलाशी प्रारंभीच पुठ्ठ्यातून कापून टेबलावर उभा करावा. पुढे एखादा दरवाजा, जिना किंवा कठडा बेताचा झाला की नाही, हे तो सांगतो.

जहाजाचा आराखडा तीन दृश्यांनी बनतो. पहिले बाजूचे दृश्य होय. दुसरे वरून दिसणारे दृश्य, जे अर्धेच काढले जाते, कारण दोन्ही बाजू सारख्या असतात. तिसरे आडव्या छेदांचे दृश्य. यात उजव्या बाजूला जहाजाच्या पुढच्या निम्म्या भागाचे छेद आणि डाव्या बाजूला मागच्या निम्म्या भागाचे छेद काढलेले असतात. प्रथम पाहणाऱ्याला ते एकमेकांत गुंतलेल्या कांद्याच्या पापुद्र्यांसारखे दिसते. आकाराचा कोणताही एक बिंदू या तिन्ही दृश्यांत जुळला पाहिजे. तो जुळत नसेल तर आराखडा वाचण्यात किंवा छायाप्रत काढण्यात चूक झाली आहे, असे समजावे. छायाप्रतीच्या यंत्रात कागद किंचित ताणला जातो, म्हणून आराखड्यावरील मोजपट्टीही त्याबरोबरच छापून घ्यावी आणि दोन्ही दिशांनी ताडून पाहावी.

५. पुठ्ठ्याचा सांगाडा

सांगाड्यासाठी दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा घट्ट पुठ्ठा पुरेसा होतो. बाजूच्या दृश्यावरून जहाजाच्या मध्यरेषेचा एक सलग तुकडा कापावा. त्यात कणा, नाळ आणि पिछाडीचा खांब यांची बाह्यरेषा येते. छेदांच्या दृश्यावरून पंधरा ते वीस आडवे तुकडे कापावेत. मध्यतुकड्याला वरून निम्म्या उंचीपर्यंत आणि आडव्या तुकड्यांना खालून निम्म्या उंचीपर्यंत खाचा पाडल्या, की ते एकमेकांत बसतात. अंडी ठेवण्याच्या खोक्यातील कप्प्यांची रचना अशीच असते. प्रत्येक आडव्या तुकड्याच्या कडेला आवरणाच्या फळीइतकी जाडी आधीच वजा करावी लागते. नवशिके हे विसरतात आणि जहाज दोन्ही बाजूंनी फुगते.

पुठ्ठ्याला लाकडाप्रमाणे तंतूंची दिशा असते. त्या दिशेला समांतर घडी सहज पडते आणि आडवी घडी फाटते. ओलावा लागला की पुठ्ठा तंतूंच्या दिशेपेक्षा तिच्या आडव्या दिशेला अधिक फुगतो. पावसाळी प्रदेशात काम करणाऱ्याने हे लक्षात घेतलेच पाहिजे. प्रस्तुत लेखकाने एका जुलै महिन्यात पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद सढळ हाताने वापरून सांगाडा जोडला आणि लगेच एका बाजूला फळ्या बसवण्यास प्रारंभ केला. चार दिवसांनी नाळ मध्यरेषेपासून तीन मिलिमीटर डावीकडे गेलेली आढळली. प्रत्यक्ष जहाजाच्या हिशेबात ही चूक जवळजवळ एक फुटाची होते. तो सांगाडा टाकून द्यावा लागला. त्यानंतर तीन नियम कसोशीने पाळले : पुठ्ठ्याला कापण्यापूर्वी पातळ लाखेच्या रोगणाचा हात द्यावा, गोंद थोडा वापरावा आणि नाळेपासून पिछाडीपर्यंत ताणलेला काळा दोरा प्रत्येक आडव्या तुकड्याच्या मध्यखुणेवरून जातो की नाही हे रोज पाहावे. फळ्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने बसवाव्यात, म्हणजे एका बाजूचा ताण सांगाड्याला वळवीत नाही.

६. लाकडी फळ्यांचे आवरण

खरे ‘ट्रिंकोमाली’ सागवानाचे असले, तरी त्याच्या प्रतिकृतीला सागवान योग्य नव्हे. सागाची रेषा व छिद्रे ठळक असतात. एक अष्टमांश इंच म्हणजे एक फूट या प्रमाणात ती छिद्रे डोळ्यांना मुठीएवढ्या भोकांसारखी भासतात. ज्या लाकडाचे तंतू बारीक व एकसारखे असतात ते घ्यावे. आपल्याकडे खरादी कामात वापरले जाणारे हेदूचे लाकूड या दृष्टीने चांगले. बारीक काठ्या व खिळ्यांच्या जागी बसवावयाच्या कुसांसाठी बांबूसारखा दुसरा पदार्थ नाही, कारण तो सरळ चिरतो आणि बारीक झाला तरी मोडत नाही.

फळ्या बसवताना एक भौमितिक अडचण येते. जहाजाचा मध्यभाग फुगीर आणि टोक निमुळते असते. समजा, डेकच्या कडेपासून कण्यापर्यंतचा घेर मध्यभागी ९६ मिलिमीटर आणि नाळेजवळ ६० मिलिमीटर आहे. एका बाजूला सोळा फळ्या बसवावयाच्या असतील, तर प्रत्येक फळी मध्ये ६ मिलिमीटर आणि नाळेजवळ ३.७५ मिलिमीटर रुंद असली पाहिजे. म्हणजे प्रत्येक फळी टोकाकडे निमुळती करावी लागते. सरळ पट्ट्या तशाच वाकवून चिकटवल्या, तर त्या नाळेपाशी एकमेकींवर चढतात. टोक मूळ रुंदीच्या निम्म्याहून बारीक होऊ लागले, तर दोन फळ्यांच्या जागी एकच फळी पुढे न्यावी. पिछाडीला खालच्या बाजूस याच्या उलट घडते. तेथे जागा वाढते आणि मध्ये जादा तुकडा घालावा लागतो. खऱ्या जहाजावरील सुतारांपुढेही हाच प्रश्न होता आणि त्यांनी तो याच रीतीने सोडवला. प्रतिकृती करणारा येथे त्या सुताराची नक्कल करीत नसून त्याच्याच अडचणीत सापडलेला असतो.

पाण्याखालील भागावर तांब्याचे पत्रे ठोकण्याची पद्धत ब्रिटिश नौदलात त्या काळी रूढ होती. लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांपासून आणि शेवाळापासून त्याने संरक्षण मिळे. नेहमीचा पत्रा चार फूट लांब व चौदा इंच रुंद असे. १:९६ मध्ये तो १२.७ बाय ३.७ मिलिमीटर होतो. येथे खरे तांबे वापरण्याचा मोह टाळावा. मिळणारा पत्रा प्रमाणाच्या मानाने फार जाड असतो. रंगवलेल्या पातळ कागदाचे तुकडे अधिक सत्य दिसतात. प्रतिकृतीत खरा पदार्थ वापरला म्हणजे खरेपणा येतो, हा समज चुकीचा आहे. खरेपणा प्रमाणातून येतो.

७. डोलकाठ्या आणि दोर

जहाजाचा सांगाडा पूर्ण झाल्यावर निम्मे काम झाले, असे पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात खरा कस पुढेच लागतो. जहाजावरील दोरांचे दोन वर्ग पडतात. डोलकाठ्यांना जागेवर धरणारे ते स्थिर दोर होत. शिडे आणि ज्यांवर शिडे बांधली जातात ते आडवे वासे, म्हणजे परबाणे, हलवणारे ते चल दोर होत. स्थिर दोरांना डांबर चोपडलेले असे, म्हणून ते काळपट दिसतात. चल दोर कप्प्यांतून धावत असल्याने तागाच्या मूळ फिकट रंगाच्या जवळ राहतात. सर्व दोर एकाच रंगाचे केलेली प्रतिकृती हा फरक नाहीसा करते आणि त्याबरोबर दोरांचा अर्थही हरवतो.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी खाली व किंचित मागे येणाऱ्या दोरांना ‘श्राउड’ म्हणतात. पुढच्या बाजूला मध्यरेषेवरून खाली उतरणारा जाड दोर म्हणजे ‘स्टे’. श्राउड डोलकाठीला बाजूला व पुढे पडू देत नाहीत, स्टे तिला मागे पडू देत नाही. श्राउडांची खालची टोके जहाजाच्या कुशीतून बाहेर काढलेल्या एका रुंद फळीच्या कडेशी बांधलेली असतात. ही फळी कशासाठी, हे साध्या त्रिकोणमितीने उलगडते. समजा, दोर डोलकाठीला डेकपासून ६० फुटांवर बांधला आहे आणि त्याचे खालचे टोक मध्यरेषेपासून २० फुटांवर आहे. दोर व डोलकाठी यांतील कोन सुमारे १८.४ अंश होतो आणि दोराच्या ताणाचा ०.३१६ इतकाच भाग आडव्या दिशेने उपयोगी पडतो. फळीमुळे तेच टोक २२ फुटांवर गेले, तर हा भाग ०.३४४ होतो. केवळ दोन फुटांच्या फळीने त्याच दोराची पकड जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढली. विद्यार्थी हे गणित फळ्यावर सोडवतो तेव्हा ते गणित असते. प्रतिकृतीत फळी बसवून दोर ताणतो तेव्हा डोलकाठी सरळ उभी राहते.

श्राउड ताणण्यासाठी तीन छिद्रांच्या गोल लाकडी चकत्या वापरतात. त्यांना ‘डेडआय’ असे नाव आहे. एक चकती दोराच्या टोकाला व दुसरी खाली जहाजाला अडकवलेली असते आणि दोघींच्या छिद्रांतून बारीक दोर ओवून ताण दिला जातो. वरच्या सर्व चकत्या एका सरळ रेषेत येणे हे चांगल्या कामाचे लक्षण. त्यासाठी दोन टोके वळवलेला तारेचा ठरावीक लांबीचा तुकडा दोन चकत्यांमध्ये अडकवून मगच श्राउड बांधावा.

दोरांचा क्रम बदलता येत नाही. नाळेवरून पुढे झुकलेल्या बोस्प्रिट या काठीला प्रथम पक्के बांधावे लागते, कारण पुढच्या डोलकाठीचा स्टे तिच्यावरच टेकलेला असतो. मग खालच्या डोलकाठ्यांचे श्राउड जोडीजोडीने चढवावेत : पहिली जोडी उजव्या बाजूची सर्वांत पुढची, दुसरी डाव्या बाजूची, आणि पुढे याच रीतीने आळीपाळीने. त्यांच्या वरून शेवटी स्टेचा फास येतो. प्रत्यक्ष जहाजावरही हाच क्रम असे. तो पाळला नाही, तर डोलकाठीच्या माथ्यावर दोरांची गर्दी चुकीच्या उंचीवर होते. शिवाय, एक स्टे जास्त ताणला की त्याच डोलकाठीचे मागचे दोर आणखी ताणले जातात. प्रत्येक दोराचा ताण इतरांच्या ताणावर अवलंबून आहे, ही गोष्ट बोटांना समजते ती अशा वेळी.

दोराची जाडी ठरवताना एक संकेत माहीत असला पाहिजे. जुन्या इंग्रजी ग्रंथांत दोराचे माप त्याच्या व्यासाने नव्हे, तर परिघाने दिलेले असते. सात इंची दोर म्हणजे सात इंच परिघाचा. त्याचा व्यास सुमारे ५६.६ मिलिमीटर, आणि १:९६ मध्ये ०.५९ मिलिमीटर. हा संकेत न कळलेला मनुष्य सात इंच हा व्यास धरतो आणि त्याचे दोर तिप्पट जाड होतात. श्राउडांवर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे बांधलेले दोर साधारण तेरा इंच अंतरावर असतात, म्हणजे प्रतिकृतीत ३.४ मिलिमीटरवर. प्रत्येक छेदाशी स्काउटमध्ये शिकवली जाणारी क्लोव्ह हिच ही गाठ मारावी. श्राउडांमागे ठराविक अंतरावर रेघा मारलेला कागद लावला, तर शेकडो गाठी समान पातळीवर येतात. येथे घाई करणारा श्राउडांना आत ओढून त्यांना डमरूसारखा आकार देतो.

सुती दोऱ्यावर मेण फिरवावे, म्हणजे त्यावरची लव बसते. सुती दोरा ओलाव्याने आखडतो आणि कोरड्या हवेत सैल पडतो. कोकणात पावसाळ्यात ताणून बांधलेली प्रतिकृती हिवाळ्यात ढिली दिसू लागते. पॉलिएस्टरच्या दोऱ्यात हा दोष कमी, परंतु त्याची चकाकी मारावी लागते.

एक चूक अतिशय सर्वत्र आढळते. पुष्कळ प्रतिकृतींत शिडे नसतात, तरी वरची परबाणे उंच चढवलेली असतात. प्रत्यक्षात शिडे गुंडाळल्यावर वरची परबाणे खाली उतरवली जात. ती उंच राहत ती शीड पसरलेले असतानाच. परबाण खाली असेल, तेव्हा त्याला दोन्ही टोकांनी तोलणारे दोर घट्ट असतात. ते वर चढवले की हेच दोर सैल पडतात. त्यामुळे शिडाविना उंच परबाणे दाखवणारी प्रतिकृती सुंदर असली, तरी ती जहाजाची कोणतीच नेहमीची अवस्था दाखवीत नाही. चल दोरांची खालची टोके कठड्यालगतच्या ठरावीक खुंट्यांना बांधलेली असतात. काळोख्या रात्री वादळात खलाशाला हवा तो दोर चाचपून सापडला पाहिजे, हे त्या शिस्तीमागचे कारण होय.

८. जेथे आराखडा नाही : गुराब आणि गलबत

आतापर्यंतचे विवेचन आराखडा उपलब्ध असलेल्या जहाजाचे होते. ‘ट्रिंकोमाली’ची रेखाटने आहेत, जहाज आहे. शिवाय त्या काळच्या दोररचनेचे ग्रंथ आहेत. डेव्हिड स्टील यांचा १७९४ सालचा ग्रंथ आणि जेम्स लीस यांचा १९७९ सालचा अभ्यास हे त्यांतले प्रमुख होत. मुंबईच्या दक्षिणेस याच किनाऱ्यावर अठराव्या शतकात वावरलेल्या मराठा आरमाराकडे वळलो, की चित्र पालटते.

कोकणातील जहाजबांधणी परंपरेने कागदावरच्या रेषांतून नव्हे, तर मिस्त्रीच्या नजरेतून आणि हातातल्या मापांतून चालत आली. आंग्रे यांच्या आरमारातील जहाजांचे बांधणीचे आराखडे आपल्यापर्यंत आलेले नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या पाडावात तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. वाघोटनच्या खाडीवर गिर्ये येथे मराठ्यांच्या गोदीचे अवशेष आहेत, परंतु तेथील जहाजे नाहीत.

लिखित वर्णने आहेत. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने दिलेल्या माहितीनुसार गुराबेला दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन काठ्यांची गुराब सुमारे तीनशे टनांची, दोन काठ्यांची सुमारे दीडशे टनांची. तिला पाणी थोडे लागे, लांबीच्या मानाने ती बरीच रुंद असे आणि मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाऊन भूमध्य समुद्रातील गॅली नौकांप्रमाणे पुढे आलेल्या टोकदार नाळेत संपे. गलबत हे वल्ह्यांनीही चालणारे, सहसा सत्तर टनांच्या आतले. त्याच्या मुख्य काठीवर मोठे त्रिकोणी शीड असे आणि मागची काठी लहान असे.

यावरून प्रतिकृती करावयास बसलेल्या अभ्यासकापुढे काय वाढून ठेवलेले असते, ते पाहावे. ‘रुंद’ म्हणजे लांबीच्या किती पट? निमुळतेपणा कोणत्या वक्राने? त्रिकोणी शिडाचे परबाण डोलकाठीला कोणत्या गाठीने बांधलेले? श्राउड किती आणि ते कोठे बांधलेले? इतिहासलेखकाला या ठिकाणी एक वाक्य लिहून पुढे जाता येते. प्रतिकृती करणाऱ्याला जाता येत नाही. त्याला फळी कोठेतरी वळवावीच लागते, दोर कोठेतरी बांधावाच लागतो. आपल्याला काय माहीत नाही, याची यादी प्रतिकृतीइतक्या निर्दयपणे दुसरे कोणतेही साधन समोर ठेवीत नाही.

यात धोकाही तितकाच मोठा आहे. बांधून पूर्ण झालेल्या वस्तूत माहीत असलेला भाग आणि अंदाजाने भरलेला भाग सारख्याच ठामपणे उभे असतात. काचेच्या पेटीतील गुराब पाहणाऱ्याला त्यांतील फरक कळत नाही. प्रदर्शनांत व शालेय प्रकल्पांत कधी कधी तीन उंच डोलकाठ्यांचे, चौकोनी शिडांचे सरळसरळ युरोपीय जहाज दिसते. त्यावर भगवा झेंडा लावलेला असतो आणि खाली मराठा आरमार असे लिहिलेले असते. करणाऱ्याचा हेतू आदराचाच असतो. परंतु उथळ खाड्यांतून वावरणारी, वाऱ्याशिवायही वल्ह्यांनी चालणारी, इंग्रजांना पुरून उरलेली जी जहाजे होती, तीच या आदरात दिसेनाशी होतात. मुलांच्या मनावर एकदा ठसलेला आकार पुढे एखाद्या परिच्छेदाने पुसला जात नाही.

९. एक सूचना : पुरावापत्र

यावर उपाय प्रतिकृती न करण्याचा नव्हे. प्रत्येक प्रतिकृतीसोबत एक पुरावापत्र असावे, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. त्यात जहाजाच्या प्रत्येक मुख्य भागाची नोंद तीन वर्गांत करावी. पहिला वर्ग, प्रमाणित : जे आराखडा, अवशेष किंवा समकालीन वर्णनावरून थेट घेतले आहे. दुसरा वर्ग, अनुमानित : जे त्याच काळच्या किंवा त्याच किनाऱ्यावरील तत्सम जहाजावरून घेतले आहे. तिसरा वर्ग, कल्पित : जे केवळ जागा रिकामी राहू नये म्हणून भरले आहे. शक्य असल्यास हे वर्ग प्रतिकृतीवरही दिसावेत. उदाहरणार्थ, कल्पित भाग न रंगवता उघड्या लाकडाचा ठेवता येईल. जुन्या मूर्तीची किंवा भांड्याची दुरुस्ती करताना नवा भरलेला भाग वेगळा ओळखू येईल असा ठेवण्याचा जो दंडक संग्रहालयशास्त्रात आहे, त्याचेच हे रूप होय.

महाविद्यालयीन पातळीवर असा प्रकल्प अनेक विभागांना एकत्र आणू शकतो. प्रमाण, घेर व वक्र यांचा हिशेब गणित विभागाचा, ताण आणि तोल भौतिकशास्त्राचा, आराखडे व वर्णने तपासणे इतिहासाचे. भाषा विभागालाही त्यात काम आहे, कारण नाळ, परबाण, सुकाणू, नांगर, तांडेल असे शब्द किनाऱ्याबाहेरच्या विद्यार्थ्यांच्या ओठांवरून जात चालले आहेत आणि ते वस्तूशी जोडल्याशिवाय टिकणार नाहीत. खर्च फारसा नाही. पुठ्ठा, धारदार पाते, पट्टी, शिवणाचा दोरा, मेण आणि बांबू एवढ्यावर काम सुरू होते. लागतो तो वेळ. सहा विद्यार्थ्यांच्या गटाला एक शैक्षणिक वर्ष हा वाजवी अवधी होय. मूल्यमापन करताना सुबकतेपेक्षा पुरावापत्राला अधिक गुण द्यावेत. तिसऱ्या वर्गात प्रामाणिकपणे दहा नोंदी करणारा गट एकही नोंद न करणाऱ्या गटापेक्षा अधिक शिकलेला असतो.

१०. समारोप

शिडाच्या जहाजाची प्रतिकृती ही शोभेची वस्तू होऊ शकते, तशीच ती ज्ञानाची कसोटीही होऊ शकते. आराखड्याची रेषा पुठ्ठ्यावर उतरवताना वाचन तपासले जाते, फळी निमुळती करताना भूमिती तपासली जाते, दोर बांधताना कार्यकारणभाव तपासला जातो. ‘ट्रिंकोमाली’सारख्या जहाजाच्या बाबतीत ही कसोटी आपल्याला मुंबईच्या कारागिरांनी प्रत्यक्ष काय साधले होते ते दाखवते. गुराबेच्या बाबतीत ती आपल्या अज्ञानाची सीमा आखून देते. दोन्ही गोष्टी अभ्यासकाला हव्याच असतात. मात्र दुसरी गोष्ट पहिलीच्या वेषात पुढे येऊ नये, एवढी दक्षता आपण घेतली पाहिजे. प्रतिकृतीखालच्या पाटीवर जहाजाचे नाव आणि वर्ष असते. त्याच पाटीवर ‘यातील इतके आम्हास ठाऊक आहे’ असे एक वाक्य लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर एका वर्षाचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.